सिद्धार्थ की नवीन? फॅन्टसी कबड्डीतील निवडीचे गणित

एप्रिल २०१९ मध्ये प्रो कबड्डी लीगच्या सातव्या मोसमासाठी मुंबईत लिलाव झाला, तेव्हा कोल्हापूर जिल्ह्यातील चंदगड तालुक्याच्या सिद्धार्थ देसाईवर तेलुगू टायटन्सने १ कोटी ४५ लाख रुपयांची बोली लावली. त्या लिलावातील ही सर्वांत मोठी बोली होती. आदल्या वर्षी यू मुम्बाने याच खेळाडूला ३६ लाख ४० हजार रुपयांना घेतले होते. एका मोसमात चौपट भाव वाढलेला मराठी मुलगा म्हटल्यावर त्याची चर्चा होणे स्वाभाविकच होते. सिद्धार्थबरोबर त्याच मोसमात पदार्पण केलेला हरयाणाचा नवीन कुमार मात्र या बोलाबोलीत कोठेच नव्हता. दबंग दिल्लीने त्याला मुकाट्याने आपल्याकडे ठेवून घेतले होते.

फॅन्टसी कबड्डी खेळणाऱ्यांपुढे त्या उन्हाळ्यात हाच पेच होता. सिद्धार्थ घ्यावा की नवीन? प्रश्न साधा दिसतो. परंतु बदलापूर, अंबरनाथ आणि उल्हासनगर या पट्ट्यात त्याचे उत्तर देणे सोपे नव्हते. लालबाग-परळच्या चाळी सोडून स्वस्त घरांच्या शोधात बदलापूर गाठलेल्या अनेक कुटुंबांनी कबड्डीचे वेड बरोबर आणलेले आहे. अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत कामाला लागलेल्या कोल्हापूर-साताऱ्याकडच्या मंडळींना तर सिद्धार्थ म्हणजे घरचाच गडी. अशा ठिकाणी नवीनचे नाव घेणाऱ्याला चार टोमणे ऐकावे लागणारच. मात्र फॅन्टसी लीगमध्ये आपुलकीला गुण नसतात. तिथे मॅटवर मिळालेला गुणच मोजला जातो, आणि नेमके तेथेच अनेकांचे गणित चुकले.

ज्यांना हा प्रकार परिचित नाही, त्यांच्यासाठी थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. फॅन्टसी लीग म्हणजे प्रत्यक्षात खेळणाऱ्या खेळाडूंमधून कागदावर आपला संघ बांधायचा. ते खेळाडू खऱ्या सामन्यात जी कामगिरी करतील, तिचे गुण आपल्या कागदी संघाच्या खात्यात जमा होतात. अमेरिकेत १९८० मध्ये डॅनियल ओक्रेन्ट या लेखकाने आपल्या मित्रांसह बेसबॉलसाठी असा खेळ सुरू केला. ही मंडळी न्यूयॉर्कमधील ज्या रोटीसरी उपाहारगृहात जमत, त्याचेच नाव त्या खेळाला पडले. आपल्याकडे तो पसरला मोबाइल फोनवरून. ड्रीम ११ सारख्या कंपन्यांच्या कबड्डीच्या खेळात दोन संघांतून मिळून सात खेळाडू निवडावे लागत. प्रत्येक खेळाडूला त्याच्या लौकिकानुसार किंमत असे आणि सर्वांची बेरीज १०० च्या आत बसवावी लागे. तीनपेक्षा अधिक चढाईपटू घेता येत नसत. कर्णधार म्हणून ज्याला नेमावे, त्याचे गुण दुप्पट होत. या दुपटीमुळेच चढाईपटूची निवड निर्णायक ठरते. बचावपटू चुकला तर थोडे नुकसान होते, कर्णधार चुकला तर सारा डाव जातो.

या खेळाचा दुसराही एक अवतार आहे आणि तोच अधिक रंजक म्हणावा लागेल. समजा, बदलापूरहून सकाळी सुटणाऱ्या लोकलच्या एका डब्यात रोज भेटणारे दहा मित्र आहेत. चौघे बदलापूरला चढतात, तिघे अंबरनाथला, दोघे उल्हासनगरला आणि एकजण विठ्ठलवाडीला. मोसमाच्या आरंभी ते वहीत लिलाव करतात. प्रत्येकाजवळ १०० खोटे रुपये. एक खेळाडू एकाच्याच संघात जाणार आणि मोसम संपेपर्यंत तेथेच राहणार. हिशेब सरळ ठेवायचा, म्हणजे चढाईच्या प्रत्येक गुणाला एक गुण आणि कर्णधाराला दुप्पट. जो शेवटी राहील त्याने सर्वांना वडापाव द्यायचा. पुढील मोसमासाठी एक खेळाडू आपल्याकडे राखून ठेवण्याची मुभा. लीगमध्ये संघ बारा, म्हणजे भरवशाचे मुख्य चढाईपटू साधारण तेवढेच. दहा जणांत ते वाटले गेले की मागे उरतात ते कामचलाऊ. म्हणून येथे पहिली निवड चुकली की पुढचे तीन महिने कल्याण ते दादर थट्टा सोसावी लागते.

अशा वहीत एप्रिल २०१९ मध्ये कोणते आकडे होते? सहाव्या मोसमात सिद्धार्थने चढाईचे २१८ गुण मिळवले होते. ७ ऑक्टोबर २०१८ रोजी पुणेरी पलटणविरुद्ध ३२-३२ असा बरोबरीत सुटलेला सामना हा त्याचा पहिलाच. त्यातच त्याने दहा किंवा अधिक गुणांचा, म्हणजे ‘सुपर टेन’चा टप्पा गाठला आणि मोसमाअखेर सर्वोत्तम नवोदिताचा मान मिळवला. नवीनचे गुण होते १७२. तेही कमी नव्हेत, पण सिद्धार्थपेक्षा ४६ नी मागे. केवळ या दोन आकड्यांवर निवड करणाऱ्याने सिद्धार्थचेच नाव घेतले असते, आणि बहुतेकांनी तेच केले.

आता या आकड्यांच्या आड काय दडले होते ते पाहू.

पहिली गोष्ट वयाची. दोघांनाही वृत्तपत्रांनी ‘युवा तारा’ म्हटले, कारण दोघांचाही तो पहिलाच मोसम होता. परंतु नवोदित आणि तरुण हे शब्द समानार्थी नव्हेत. सिद्धार्थचा जन्म डिसेंबर १९९१ चा. पदार्पणाच्या वेळी तो सव्वीस वर्षांचा होता आणि मोसम संपण्यापूर्वी सत्तावीस पूर्ण झाला. नवीनचा जन्म फेब्रुवारी २००० चा, म्हणजे तो जेमतेम अठराचा. सिद्धार्थ लीगमध्ये आला तो जवळजवळ पूर्ण घडलेला चढाईपटू म्हणून. त्याच्या २१८ गुणांत त्याची पूर्ण ताकद दिसत होती. नवीनच्या १७२ गुणांत एका मुलाची सुरुवात दिसत होती. एकाच मोसमापुरता विचार करणाऱ्याला हा फरक क्षुल्लक वाटेल. खेळाडू राखून ठेवणाऱ्या गटात मात्र त्याच्याइतके महत्त्व दुसऱ्या कशालाही नाही.

दुसरी गोष्ट चढायांच्या वाटणीची, आणि ती फॅन्टसी खेळणाऱ्यांकडून सर्वाधिक दुर्लक्षित राहते. कबड्डीचा सामना चाळीस मिनिटांचा आणि एक चढाई तीस सेकंदांची. दोन्ही बाजूंच्या मिळून सुमारे ८० चढाया होतात, म्हणजे एका संघाच्या वाट्याला चाळीसच्या आसपास. मुख्य चढाईपटू त्यांतील पंधरा-वीस करतो. उरलेल्यांवर दुसरा आणि तिसरा गडी भागवतो. यू मुम्बाच्या त्या संघात फझल अत्राचालीच्या नेतृत्वाखालील बचाव भक्कम होता आणि चढाईचा मुख्य भार सिद्धार्थवर होता. दिल्लीकडे मात्र नवीनबरोबर मेराज शेख आणि चंद्रन रणजित हे अनुभवी गडी होते. अठरा वर्षांच्या पोराने अनुभवी जोडीदारांबरोबर चढाया वाटून घेत १७२ गुण मिळवले, याचा अर्थ त्याला अधिक चढाया मिळाल्या तर आकडा वाढणार, हे कागदावर आधीच लिहिलेले होते. ते वाचले मात्र थोड्यांनी.

येथे खेळातील आणखी एक बारकावा ध्यानात घ्यावा लागतो. चढाईपटू बाद झाला की तो बाकावर बसतो आणि आपल्या संघाला गुण मिळेपर्यंत त्याला परत येता येत नाही. म्हणजे चढाईपटूचे गुण केवळ त्याच्या पायांवर अवलंबून नसतात. मागे बचाव चांगला असेल, तर एक पकड होते आणि बाद झालेला मुख्य गडी पुढल्याच मिनिटाला मॅटवर येतो. बचाव पडका असेल, तर तोच गडी बाकावर बसून घड्याळ पाहत राहतो. संघ बदललेल्या खेळाडूची मागील वर्षाची सरासरी जशीच्या तशी उचलणे धोक्याचे असते ते यामुळेच. सिद्धार्थला कोटी रुपये मिळाले ही त्याच्या दृष्टीने आनंदाचीच बाब, पण वहीत त्याचे नाव लिहिणाऱ्याने आधी विचारायला हवे होते की फझल अत्राचाली त्याच्याबरोबर हैदराबादला गेला आहे काय.

तिसरी गोष्ट शैलीची. सिद्धार्थ हा ताकदीचा चढाईपटू. उंचापुरा, खांद्याने भक्कम. दोघा-तिघांनी धरले तरी त्यांना ओढत मध्यरेषेपर्यंत आणणारा. त्याला ‘बाहुबली’ म्हणत ते उगीच नव्हे. अशी चढाई पाहताना अंगावर रोमांच उभे राहतात आणि एका चढाईत तीन-तीन गुण पदरात पडतात. नवीनची तऱ्हा अगदी निराळी. तो आत शिरून झुंजत नाही. धावत येतो, हात लांबवून कोपऱ्यातील गड्याला टिपतो आणि समोरच्याला कळेपर्यंत परत गेलेला असतो. समोर सहा किंवा सात गडी असतील तर बोनस रेषेचा गुण उचलतो. लोकांनी त्याला ‘नवीन एक्स्प्रेस’ हे नाव दिले. पहिल्या प्रकारात गुण भरघोस, पण प्रत्येक गुणासाठी अंगावर दोन-तीन जणांचे ओझे. दुसऱ्या प्रकारात एकेक गुण, पण जवळजवळ प्रत्येक सामन्यात आणि शरीराची झीज त्या मानाने कमी. कर्णधाराचे गुण दुप्पट होणार असतील, तर एका सामन्यात १८ आणि दुसऱ्यात ४ देणाऱ्यापेक्षा दोन्हींत ११ देणारा अधिक हवासा वाटतो. बेरीज दोन्हींची २२ च असली, तरी दोन्ही दिवशी कर्णधार कोणाला नेमावे हा प्रश्न दुसऱ्याच्या बाबतीत पडत नाही.

सातवा मोसम २० जुलै २०१९ रोजी हैदराबादला सुरू झाला. पहिल्याच लढतीत सिद्धार्थचा सामना त्याच्या जुन्या संघाशी होता आणि यू मुम्बाने टायटन्सला ३१-२५ असे हरवले. ज्यांनी त्याला मागील वर्षभर सरावात पाहिले होते, त्यांना त्याला कोठे अडवावे हे ठाऊक असणारच. चार दिवसांनी टायटन्स आणि दिल्ली समोरासमोर आले. दिल्लीने ३४-३३ असा एका गुणाने सामना जिंकला. नवीनने १४ गुण मिळवले. गंमत अशी की टायटन्सकडून त्या दिवशी सर्वाधिक चमकला तो सिद्धार्थ नव्हे, तर त्याचा थोरला भाऊ सूरज. त्याने १८ गुण घेतले. देसाईंचे घर गाजले, पण वहीत धाकट्याचे नाव लिहिणाऱ्यांच्या खात्यात त्यातील काहीच आले नाही.

२७ जुलैला लीगचा मुक्काम मुंबईत वरळीला हलला. त्याच दिवशी पहाटे मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान पुराच्या पाण्यात अडकली. हजाराहून अधिक प्रवासी गाडीत होते आणि त्या सर्वांना सुखरूप बाहेर काढण्यात आले. या बाजूची रेल्वे ठप्प झाली. त्या दिवशी चंदगडच्या खेळाडूचे गुण मोजण्याइतकी उसंत बदलापुरात कोणाला नव्हती, हे सांगायला नकोच.

पाणी ओसरले, लीग पुढे सरकली आणि ऑक्टोबरपर्यंत चित्र स्पष्ट झाले. नवीनने ३०१ गुण मिळवले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्याने सलग २१ सामन्यांत सुपर टेन केले. फॅन्टसी खेळणाऱ्याला याहून मोठे वरदान नाही. कर्णधार म्हणून त्याचे नाव एकदा लिहावे आणि वही मिटावी. दिल्लीचा संघ गुणतक्त्यात पहिला आला, अंतिम सामन्यात पोहोचला आणि तेथे बंगाल वॉरियर्सकडून ३४-३९ असा पराभूत झाला. मोसमातील सर्वोत्तम खेळाडू नवीनच ठरला. संघ पुढे गेला की खेळाडूला दोन सामने अधिक मिळतात, हाही वहीतील एक छुपा लाभ.

आणि सिद्धार्थ? त्याने २१७ गुण मिळवले. आदल्या वर्षापेक्षा फक्त एक कमी! कोट्यवधीच्या बोलीनंतर तो अपयशी ठरला अशी ओरड त्या वेळी झाली. ती सरळ अन्यायाची होती. बारापैकी अकराव्या क्रमांकावर राहिलेल्या संघातून, प्रत्येक बचावफळीने अभ्यासलेल्या चढाईपटूने पुन्हा २१७ गुण मिळवणे ही उत्तमच कामगिरी. तो जेथे होता तेथेच राहिला. अपेक्षा तेवढ्या पुढे धावल्या होत्या. दोन्ही मोसमांची बेरीज केली तर नवीनचे ४७३ आणि सिद्धार्थचे ४३५, म्हणजे अंतर अवघे ३८ गुणांचे. परंतु एप्रिल २०१९ मध्ये निवड करणाऱ्याला मागील मोसमाचे गुण मिळणार नव्हते. त्याला पुढील मोसमाचेच मिळणार होते आणि तेथे अंतर पडले ८४ गुणांचे. कर्णधाराच्या दुपटीने ते १६८ झाले. दहा जणांच्या वहीत एवढ्यात वडापाव कोणी द्यायचा हे ठरून जाते.

असाच पेच सातासमुद्रापलीकडे आइस हॉकीच्या चाहत्यांपुढेही पडला होता, आणि त्याची कथा या ठिकाणी उपयोगी आहे. २००४-०५ चा एनएचएल मोसम मालक आणि खेळाडूंच्या वादात रद्द झाला. त्यामुळे २००४ च्या निवडीतील पहिला खेळाडू, रशियाचा अलेक्झांडर ओव्हेचकिन आणि २००५ मधील पहिला, कॅनडाचा सिडनी क्रॉस्बी या दोन आघाडीवीरांनी एकाच मोसमात पदार्पण केले. पहिल्या वर्षी ओव्हेचकिनचे ५२ गोल आणि ५४ साहाय्य मिळून १०६ गुण झाले. क्रॉस्बीचे ३९ गोल आणि ६३ साहाय्य मिळून १०२. एक वीस वर्षांचा, दुसरा अठराचा. श्रेष्ठ कोण, हा वाद दोन दशके चालला. फॅन्टसी लीगमध्ये मात्र त्याचे उत्तर तुमच्या गटाचे नियम देत असत. गोलाला अधिक गुण असतील तर ओव्हेचकिन, साहाय्याला तेवढेच मोल असेल तर क्रॉस्बी. पुढे क्रॉस्बीने तीनदा स्टॅन्ली चषक जिंकला, ओव्हेचकिनने एकदा. आणि एप्रिल २०२५ मध्ये ओव्हेचकिनने वेन ग्रेट्झकीचा ८९४ गोलांचा विक्रम मागे टाकला. कबड्डीच्या वहीतही हेच लागू पडते. बोनस गुणाला अर्धाच गुण द्यायचा असे गटाने ठरवले असते, तर नवीनचे मोल थोडे उतरले असते. एका चढाईत तीन गडी टिपणाऱ्याला अधिक बक्षीस ठेवले असते, तर सिद्धार्थचे चढले असते. लिलावाला बसण्यापूर्वी वहीचे पहिले पान वाचावे, ते यासाठी.

एवढा खटाटोप वडापावसाठीच असता तर प्रश्न नव्हता. प्रत्यक्षात मोबाइलवरील खेळात रोख पैसे लागत असत. लिलावानंतर तीनच आठवड्यांनी, ३० एप्रिल २०१९ रोजी, मुंबई उच्च न्यायालयाने ड्रीम ११ संबंधीच्या याचिकेत हा खेळ जुगार नसून कौशल्याचा आहे असा निर्वाळा दिला. तत्पूर्वी २०१७ मध्ये पंजाब व हरयाणा उच्च न्यायालयानेही तसेच म्हटले होते. मग जाहिरातींचा पूर आला. पन्नास रुपयांच्या आतली प्रवेश फी, समोर लाखो रुपयांचे बक्षीस आणि हातात मोबाइल. अंबरनाथच्या कारखान्यातून पाळी संपवून निघालेल्या किंवा उल्हासनगरच्या जीन्सच्या कारखान्यात दिवसाच्या मजुरीवर काम करणाऱ्या तरुणाला पन्नास रुपये थोडे वाटणे साहजिक होते. रोज दोन-तीन सामने धरले, तर महिन्याअखेर तो आकडा रेल्वेच्या पासाच्या कितीतरी पुढे जात असे.

कौशल्य होते, यात शंका नाही. वर वयाचा, चढायांच्या वाटणीचा आणि शैलीचा जो विचार मांडला, तो कौशल्याचाच. मात्र कौशल्य दिसण्यासाठी सामन्यांची संख्या लागते. समजा, एका चढाईपटूची सरासरी १३ आणि दुसऱ्याची १०. दोघांच्याही गुणांत सामन्यागणिक चार-पाच गुणांचा चढउतार होतो. ढोबळ हिशेब केला, तर एकाच सामन्यापुरते पाहता दर तीन वेळांपैकी सुमारे एकदा दुसराच अधिक गुण मिळवून जाईल. म्हणजे ज्याने विचारपूर्वक, बरोबर निवड केली तोही तीनदा खेळला तर एकदा हरणार. बावीस सामन्यांच्या मोसमात मात्र हे अंतर ६६ गुणांचे होते आणि दुबळ्या निवडीने ते उलटवणे जवळजवळ अशक्य ठरते. रोजच्या एकेका सामन्यावर पैसे लावणाऱ्याला मोसमाचे ज्ञान होते, पण खेळत तो होता एका संध्याकाळचा खेळ. त्यात भर म्हणजे प्रतिस्पर्धी दहा नव्हेत, लाखो. सर्वांनीच नवीनला कर्णधार नेमले असेल तर त्याच्या १५ गुणांनी कोणीच पुढे सरकत नाही. मोठे बक्षीस मिळवण्यासाठी मग मुद्दाम कमी लोकांनी घेतलेला, म्हणजे बहुधा कमी चांगला, खेळाडू उचलावा लागतो. चांगल्या निवडीची शिक्षा आणि वेड्या धाडसाला बक्षीस, अशी ती व्यवस्था होती.

ती आता राहिलेली नाही. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगसंबंधीचे विधेयक संमत केले आणि २२ ऑगस्टला त्यावर राष्ट्रपतींची स्वाक्षरी झाली. खेळ कौशल्याचा आहे की नशिबाचा, हा वादच या कायद्याने बाजूला सारला आणि पैसे लावून खेळले जाणारे सर्वच ऑनलाइन खेळ बंद केले. ड्रीम ११ ने सशुल्क स्पर्धा थांबवल्या. प्रो कबड्डीचा बारावा मोसम त्यानंतर एका आठवड्याने, २९ ऑगस्टला, विशाखापट्टणमला सुरू झाला.

दरम्यान सिद्धार्थ आणि नवीन यांचे पुढे काय झाले, हेही पाहण्यासारखे आहे. कारण खेळाडू राखून ठेवणाऱ्याला खरा कस तेथे लागतो. करोनामुळे २०२० चा मोसम झालाच नाही. आठव्या मोसमात, डिसेंबर २०२१ मध्ये, सिद्धार्थ मोजक्या सामन्यांनंतर दुखापतीने बाहेर पडला. त्याच मोसमात नवीनचाही गुडघा दुखावला आणि त्याला काही सामने मुकावे लागले. तरीही १७ सामन्यांत २०७ गुण मिळवून तो पुन्हा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि दिल्लीने पाटण्याला ३७-३६ असे नमवून विजेतेपद पटकावले. येथवर नवीनची निवड करणाऱ्याची छाती फुगलेलीच असणार. परंतु २०२३-२४ च्या दहाव्या मोसमात सहाएक सामन्यांनंतर गुडघ्याच्या दुखापतीने त्याचाही मोसम संपला, आणि चढाईतील सर्वाधिक गुण मिळवले ते त्याच्याच संघातील आशू मलिकने. अंगावर ओझे न घेणारी शैली शरीर वाचवते, हे खरे. पण वेगाने धावत जाऊन एका पायावर वळण्याचा भार शेवटी गुडघ्यावरच येतो. अठराव्या वर्षी पदार्पण केलेला नवीन चोविसाव्या वर्षी दोन मोठ्या दुखापतींतून गेला होता. वय लहान म्हणून दहा वर्षे निश्चिंती, असे मानणाऱ्यांची वही तेथे फसली. साधारणपणे तीन मोसमांपलीकडचा हिशेब चढाईपटूच्या बाबतीत करू नये, असे त्यामुळे म्हणता येते.

आणि पेच काही संपलेला नाही. अकराव्या मोसमात, २०२४ मध्ये, पाटणा पायरेट्सच्या एकाच संघात दोन तरुण चढाईपटू झळकले. देवांक दलालने ३०१ गुण मिळवले, अयान लोहचबने १८४. संघ अंतिम सामन्यात पोहोचला. पुढल्या लिलावात देवांकला बंगाल वॉरियर्सने २ कोटी २० लाख ५० हजारांना नेले आणि अयान पाटण्यातच राहिला. सिद्धार्थ आणि नवीनची आठवण असणाऱ्याला येथे थबकायलाच हवे होते. एकाचा आकडा मोठा, पण संघ नवा आणि बोली डोळे दिपवणारी. दुसऱ्याचा आकडा लहान, कारण त्याच्या शेजारी देवांक उभा होता; आता तो निघून गेला होता आणि त्याच्या वाट्याच्या चढाया मोकळ्या झाल्या होत्या. २०२५ च्या मोसमात अयानने तीनशेचा टप्पा ओलांडला आणि चढाईत तो सर्वांच्या पुढे राहिला.

त्या मोसमात फोनवर पैशांचे खेळ नव्हते. ज्यांना गुण मोजायचे होते, त्यांना बोनस कोणता, स्पर्शाचा कोणता आणि लोणाचे दोन कोणाच्या नावे धरायचे नाहीत, हे सारे पुन्हा हाताने लिहावे लागले.